थांबलेली एसटी

मंगळवारी रस्ता ओलांडताना माझ्या बायकोला, सुधाला ट्रकने धडक दिली आणि ती गेली. निवृत्तीनंतर राहायला आम्ही दोघं एखादं छोटं, सुरक्षित शहर शोधत होतो. तिने निवडलेल्या शहरात, आधीच ठरल्याप्रमाणे, आज मी घर बघायला आलो.

चौकात रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंच्या पिशवीतून मेथीची जुडी पडली. समोरची एसटी थांबली.

"सावकाश उचला, मावशी. नाहीतर काका उपाशी राहायचे!" ड्रायव्हर म्हणाला.

"राहू देत, पोट उतरेल!"

हॉर्न कुणीच वाजवला नाही. सुरक्षित असणं म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी थांबणं, एवढंच असावं. सुधाने शहर बरोबर निवडलं होतं. याहून जास्त काही वाटलं नाही.

घरमालकांनी विचारलं, "माणसं किती?"

सवयीने मी दोन म्हणालो. आता एकच आहे.