हसुराम मिस्त्री आणि ऑइलचा थेंब

हसुराम मिस्त्री गेल्याचं मला धाटावला कळलं. कंपनीच्या गेटबाहेर गाड्यांची रांग होती, माझा ट्रक सातवा की आठवा, आणि मी बाळाराम ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये पेपर वाचत बसलो होतो. पेणहून आलेल्या एका टेम्पोवाल्याने गाडी हळू करून खिडकीतूनच सांगितलं, "अवो, तुमचा रामवाडीचा मिस्त्री गेला. काल दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाय." एवढं बोलून तो पुढे सरकला, कारण मागचे हॉर्न वाजवत होते. बाळारामने कपाळावर हात मारला. मी काय केलं, तर किलोमीटरच्या मीटरकडे बघितलं. दोन दिवसांनी ऑइल बदलायला गाडी त्याच्याकडेच न्यायची होती... माणूस गेला हे ऐकून पहिला विचार ऑइलचा यावा, याची नंतर मला लाज वाटली. आता पाच-सहा आठवडे उलटल्यावर वाटतं की हसुरामला त्यात काही वावगं वाटलं नसतं. "मग, बदललंत का नाय?" एवढंच त्याने विचारलं असतं.

मी मूळचा ट्रकवाला नाही. धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं शिफ्ट केल्या, नाकातला वास घरी आल्यावरही जाईना, तेव्हा नोकरी सोडली आणि पंच्याण्णवच्या दसऱ्याला ट्रक घेतला. नवाकोरा, टर्बो इंजिनचा. पेणमध्ये तेव्हा टर्बोच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. गाडीला हार घालून मी रामवाडीला हसुरामच्या गॅरेजात नेली, कारण पेणच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा, तो हायवेकडे बोट दाखवून हसुरामचंच नाव घ्यायचा. खाडीकाठच्या मिठागरावर काम करणाऱ्या घरातला हा माणूस. शाळा दुसरीत सुटली ती सुटलीच. तारखा-आकडे वाचता यायचे, आणि लिहिता यायची ती फक्त स्वतःची सही. पण बंद बॉनेटवर हात ठेवून आत काय बिघडलंय ते सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. मी लॅबमधला आहे हे कळल्यापासून त्याने माझं नावच टाकलं. मी त्याच्यासाठी शेवटपर्यंत 'केमिस्ट'च राहिलो.

त्याची एक सवय मी पहिल्याच दिवशी पाहिली. कुठल्याही गाडीचं ऑइल बघायचं, तर तो ऑइलची पट्टी उपसून तिच्या टोकाचा एक थेंब वर्तमानपत्रावर पाडायचा आणि कागद उन्हात ठेवून द्यायचा. थेंब हळूहळू पसरत जायचा. बाहेर फिकट तपकिरी कडं उमटलं तर ऑइलमध्ये जीव आहे, आणि सगळं काळं मधेच गोळा होऊन बसलं तर ऑइल मेलं, असा त्याचा हिशेब. कागद मात्र त्या दिवशीचाच लागायचा, शिळा चालायचा नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "तारीख छापूनच येतंय ना! मला लिवायचा ताप नाय." मग प्रत्येक गाडीचे कागद वेगळ्या सुतळीत बांधून तो फळीवर ठेवून द्यायचा. लॅबमध्ये फिल्टर पेपरवर थेंब टाकून आम्ही वेगळं काय करत होतो? पण हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. बी.एस्सी. झालेल्या माणसाने असं लगेच कबूल करायचं नसतं!

वाद झाला तो ऑइल कुठलं घालायचं यावरून. गाडीच्या पुस्तकात पंधरा-चाळीस लिहिलं होतं, म्हणजे थंड इंजिनात पातळ राहून चटकन वर चढणारं आणि तापल्यावरही दम धरणारं. हसुरामचा जीव चाळीस नंबरवर. ते जाडजूड, सकाळी डब्यातून ओतलं तर काकवीसारखं उतरायचं. "पातल त्याल इंजिनात घालताव? पानी हाय ते पानी!" असं तो म्हणायचा. मी हसून सोडून दिलं. पुढे मी लग्नाला रोह्याला गेलो असताना बाळारामने गाडी पहिल्या ऑइलबदलीला नेली आणि हसुरामने, आपल्या वीस वर्षांच्या अनुभवाला जागून, चाळीस नंबर भरलं. मला ते कळलं दोन महिन्यांनी, जेव्हा वडखळच्या पुढे गाडी निळा धूर ओकायला लागली आणि टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, शिट्टी मारायला लागला. कंपनीचा माणूस पनवेलहून आला. त्याने टर्बो उघडला, आतला जळून धरलेला थर नखाने खरवडून दाखवला आणि विचारलं, "यात ऑइल कुठलं घातलं होतं?"

गॅरेजात तेव्हा दहा-बारा माणसं असतील. ड्रायव्हर, क्लीनर, शेजारचा पंक्चरवाला... मी त्या सगळ्यांच्या देखत बोललो, "मिस्त्री, तुमचं आता जुनं झालं. या गाड्या तुमच्या आवाक्यातल्या नाहीत. मिठागरावर परत जा."

हसुराम फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते तरी पुसतच राहिला. त्या वर्षी टर्बोच्या गाड्या वाढायला लागल्या होत्या, त्याची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गाड्या बदलत होती, आणि माझं वाक्य संध्याकाळच्या आत वडखळ नाक्यापर्यंत पोचणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याचं पोट त्याच्या नावावर होतं आणि मी भर गर्दीत नेमका त्या नावावर पाय दिला होता.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तो माझ्या घरी आला. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "तुमच्या गाडीचा बुक वाचून दावा. इंग्लिश हाय, मला येत नाय." रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. पण हा माणूस खरोखरच शिकायला आला होता. मग सहा-सात रविवार मी ते पुस्तक वाचून मराठीत सांगत गेलो आणि तो चहा गार करत ऐकत गेला. मधेच थांबवायचा, "परत सांगा," म्हणायचा, आणि पुढच्या रविवारी मागचं सगळं न चुकता म्हणून दाखवायचा. पंधरा-चाळीस का, हे समजलं तेव्हा स्वतःशीच मान हलवत म्हणाला, "म्हंजे गाढवपणा मीच केला." तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की मिस्त्री, मी पण तोंड सोडलं, चुकलो. ते शब्द जिभेवर आले होते... मी पुढचं पान उलटलं.

ऑइलच्याच प्रकरणात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. गाडी इंजिन चालू ठेवून फार वेळ उभी राहत असेल किंवा सतत मंद चालत असेल, तर सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच ऑइल बदला. मी पुस्तक तीनदा वाचलं होतं, ही ओळ तीनदा गाळली होती. हसुराम खुर्चीत सरसावून बसला. "केमिस्ट, ही तर तुमचीच गाडी! धाटावच्या लायनीत इंजिन चालू, आन् गनपतीच्या टायमाला तर चालनाऱ्या मानसाच्या मागं. चाक फिरत नाय, इंजिन फिरतंय. मीटरला काय घंटा कलनार?" मी म्हणालो, "कंपन्या उगाच भीती घालतात, मिस्त्री." मला त्याचं ऐकायचं नव्हतं, एवढंच त्यातलं खरं.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती भरून निघालेली गाडी कुणी पाहिली असेल तर त्याला हसुरामचं म्हणणं कळेल. पेंढ्यात बसवलेल्या मूर्तीचा कान किंवा बोट दुखावू नये म्हणून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, खड्ड्याला थांबून थांबून न्यायची. दिवसभर इंजिन घरघरतं आणि संध्याकाळी मीटर बघावं तर पुढे सरकलेलाच नाही. श्रावणाच्या सुरुवातीला हसुरामने माझ्या ऑइलचा थेंब टाकून कागद माझ्यापुढे धरला. कडं नव्हतं, मधे नुसता काळा गोळा. "बदला," तो म्हणाला. "अजून तीन हजार बाकी आहेत," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, कागद घडी करून सुतळीत खोचला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

आठवड्याभराने रोह्याच्या मूर्ती भरून जाताना नागोठण्याच्या पुढे ऑइलचा लाल दिवा लागला. बाळारामने इंजिन बंद केलं म्हणून वाचलो. मी बूथवरून फोन केला आणि हसुराम हत्यारांची पिशवी आणि ऑइलचा डबा घेऊन एस.टी.ने आला. चिखलात पोतं टाकून गाडीखाली शिरला, ऑइलची टाकी उतरवली. आतली गाळणी काळ्या लगद्याने पार तुंबली होती. ती मी पाहिली, त्याने पाहिली, आणि मी खाली मान घालून उभा राहिलो. तोवर इतर गाड्यांचे ड्रायव्हर जमले होते, मूर्तीवाला शेठ दुसऱ्या गाडीतून येऊन ओरडत होता, "कुणाची चूक ही? ऑइल वेळेवर बदलता येत नाही का?" हसुराम गाडीखालूनच म्हणाला, "चूक कुनाची नाय, शेठ. गालनीत कचरा आला. नव्या गाडीला व्हतंय असं." मग त्याने गाळणी धुतली, नवं पंधरा-चाळीस भरलं, आणि दुपार कलायच्या आत गाडी चालू झाली. मूर्तीचं एक बोटसुद्धा दुखावलं नाही. परतीच्या वाटेवर तो केबिनमध्ये माझ्या शेजारी बसून पेणपर्यंत डुलक्या काढत आला. मी दहा माणसांत त्याची चूक उघडी केली होती, त्याने दहा माणसांत माझी झाकली. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. त्यानंतर ऑइल मी तो सांगेल तेव्हा बदललं, आणि दोनेक वर्षांत टर्बोच्या गाड्या थेट माणगावहून त्याच्याकडे यायला लागल्या.

दहाव्याला मी त्याच्या घरी गेलो. निघताना त्याच्या बायकोने, यशोदावहिनीने, फळीवरचा एक गठ्ठा हातात दिला. "ह्ये तुमचं हाय. त्यांनी कवाच सांगून ठेवलंय, केमिस्टचं कागद रद्दीत घालू नको गो." घरी येऊन मी सुतळी सोडली. चार वर्षांचे कागद, प्रत्येकावर तारीख छापलेली आणि तिच्या जवळ एक थेंब. तळाजवळ टर्बो गेला त्या दिवसाचा कागद सापडला. मी त्याला नको ते बोललो तो दिवस. थेंबाखाली बॉलपेनने, अक्षर न् अक्षर सुटं, सही होती. हसुराम. बाकी कुठल्याच कागदावर सही नाही. मी सगळे पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. त्याची चूक होती, तिच्याखाली त्याने सही केली होती, गुपचूप, कुणाला न दाखवता.

मग श्रावणातला तो कागद काढला. मधे काळा गोळा, कडं नाही. थेंबाखालची जागा कोरी होती.

त्याच्यामागे इतके दिवस राहून गेलेलं ऑइल परवा मी स्वतःच बदललं, त्याच्या बंद गॅरेजसमोरच गाडी उभी करून. त्या दिवशीच्या पेपरवर थेंब पाडला आणि कागद उन्हात ठेवला. तो पसरेपर्यंत वेळ होता. मी केबिनमधून गठ्ठा काढला, श्रावणातला कागद स्टिअरिंगवर पसरला, आणि त्या काळ्या थेंबाखाली माझी सही केली.