सयाजीनं इटलीत बोललेला नवस

सयाजी बोटीवर चढला तर परत येईल ना, ही काळजी काही केल्या जात नाही. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, मराठा पलटणीतून इटलीत लढून आला आहे. तरी जात नाही.

लढाई संपल्यावर तो साताऱ्याला घरी आला, तेव्हा सगळं गमतीचंच सांगायचा. परतण्याआधी रजेवर त्यांना तो देश बघायला मिळाला होता. व्हेनिसला दाराबाहेर पाय टाकला की पाणी, भाजीसुद्धा होडीतून येते. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चबाहेर यानं सवयीनं बूट काढले आणि आत घुमटाकडे बघत तासभर उभा राहिला. बाहेर आला तर बूट गायब! "जाऊ दे गं आई, घुमट तर बघितला," म्हणायचा. एकदा शेवयांवर टोमॅटोचं कालवण घालून त्यानं आम्हाला खायला लावलं.

मग हळूहळू गप्प झाला. उंब्रजच्या शेताकडे निघायचा, अर्ध्या वाटेतून परत यायचा. लग्नाचा विषय काढला की उठून जायचा. दूध घालणारी साळूबाई म्हणाली, "आवं बाई, तिकडं एखादी गोरी ठिवून आलं न्हाई न्हवं पोरगं? इचारा की!"

विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "बाई आहे, पण देवळातली. मूल कडेवर घेतलेली."

डोंगरातल्या एका गावात तोफांचे गोळे पडत असताना तो तिच्या पडक्या देवळात दडून बसला होता. तिथं नवस बोलला: घरी सुखरूप पोचलो, तर आईच्या हातचा खण-नारळ आणून तुझी ओटी भरीन.

"अरे, तिथं होतास तेव्हाच काहीतरी वाहून मोकळा व्हायचंस."

"घरी पोचलो तर, असं बोललो होतो. तिथं असताना पोचलो कुठं होतो?"

मला हसूही आलं आणि रागही. "असले नवस कुणी धरून बसतं का?" म्हटलं.

"मग तू म्हसवडला कशाला गेलीस?"

तो आला त्याच आठवड्यात मी सिद्धनाथाचा नवस फेडून आले होते. तरी खण-नारळ काही दिला नाही.

नऊ दिवसांपूर्वी तो खलाशाची नोकरी बघायला मुंबईला माझ्या भावाकडे गेला. भाऊ गोदीत कारकून आहे. मी त्याला गुपचूप लिहिलं, जागा नाही म्हणून सांग. आज त्याचं उत्तर आलं. 'पोरगा दिवसभर धक्क्यावर बसून असतो, धड जेवत नाही. शुक्रवारी नेपल्सची बोट आहे आणि तिच्यावर जागा आहे. ताई, आता माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही.'

माझ्याच्यानं तरी कुठं? उद्या पोस्ट उघडताच भावाच्या ऑफिसात ट्रंककॉल लावणार आहे. सयाजीला ती जागा दे, ओटीचं सामान घेऊन मी स्वतः येते, एवढंच सांगायचं आहे. लाइन मिळायला दुपार झाली तरी तिथून हलायचं नाही.