लसूण म्हणजे आहो

माण गावात मी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते. त्यांची बहुतेक जमीन आयटी पार्कात गेली होती. उरले होते ते घरामागचे चार-पाच गुंठे, एक म्हैस आणि गाड्या लावायची पत्र्याची शेड. मालकिणीला मी मावशी म्हणायचे, मालकांना बाबा. मी नांदेडची. जवळच्याच एका कंपनीत मेक्सिकोतल्या ग्राहकांच्या तक्रारींना स्पॅनिशमधून उत्तरं लिहायचं काम करत होते. 'माफ करा' हे मला स्पॅनिशमध्ये निदान अकरा प्रकारे लिहिता येतं. बाकी त्या भाषेत कुणाशी चार शब्द बोलण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

मे महिन्यात मावशींची आठ वर्षांची नात सुट्टीला आली. शेजारच्या भाडेकरूंची आणि समोरच्या सोसायटीतली पोरं तिच्या मागोमाग आली. चौथ्या दिवशी मावशी माझ्या दारात.

"पोरांनी लई उच्छाद मांडलाय. म्हशीच्या शेपटीला फुगा बांधला. तुला ती परदेशी भाषा येतीया न्हवं? शिकव की त्यास्नी."

"मावशी, मला शिकवता येत नाही."

"नुसतं तासभर एका जागी बसवलंस तरी लई हाय."

शनिवारी पाच वाजता मी मोठा तक्ता घेऊन शेडमध्ये गेले. अकरा पोरं सतरंजीवर बसली होती. मी मांजराच्या चित्रावर पट्टी ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "गातो."

"कोण गातो?" एकाने विचारलं.

"मांजर."

"मांजर गातो नाही, मांजर गातं म्हणा, ताई," सोसायटीतली चष्मेवाली मुलगी म्हणाली. "मांजर नपुंसकलिंगी आहे."

मी घाईने पुढच्या चित्रावर गेले. तोंडाचं चित्र होतं. "बोका," मी म्हणाले.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मांजराला बोका म्हणायचं सोडून ताई तोंडाला बोका म्हणतात, आणि मांजराला म्हणतात गातो. नातीला माझी दया आली असावी. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमची चित्रं मागंपुढं झाली का?"

त्या दिवशी तासभर कुणीही एका जागी बसलं नाही.

मी आठवडाभर विचार केला आणि तक्ता गुंडाळून ठेवला. पुढच्या शनिवारी नुसतं गाणं घेऊन गेले:

गातो आला, गातो आला,
बोका उघडून लेचे प्याला!

लेचे म्हणजे दूध. एकाने मांजर व्हायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि 'लेचे' म्हटलं की मांजराने वाटीवर झडप घालायची. दहा मिनिटांत अकराही जणांना मांजर व्हायचं होतं. जे शब्द माझ्या आडवे आले होते, तेच पोरांच्या डोक्यात पक्के बसले. मावशीही मग सूप घेऊन शेडच्या कडेला बसायला लागल्या. आपलं लक्ष नाही असं दाखवत लसूण सोलायच्या.

एक दिवस नातीने त्यांच्या सुपाकडे बोट दाखवलं. "ताई, लसणाला काय म्हणतात?"

मी सहज सांगून टाकलं. "आहो."

पोरांनी आधी माझ्याकडे, मग मावशींकडे बघितलं. मावशी दिवसातून पन्नास वेळा बाबांना 'आहो' अशी हाक मारायच्या, ती अख्ख्या आळीला ऐकू जायची. मग जो हशा उसळला, त्याने म्हैस उठून उभी राहिली. मावशींनी हातातली पाकळी सुपात टाकली, पदर तोंडाला लावला आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दोन दिवसांत बाबांचं नाव 'लसूणआजोबा' झालं, आणि तिसऱ्या दिवशी ते त्यांच्या कानावर गेलं. बाबा मोठे तापट. त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मी जिना उतरले की ते पेपर वर धरायचे. मी मनातल्या मनात जवळच्या भुकूम गावात खोली शोधायला लागले.

शनिवारी ते काठी टेकत शेडमध्ये आले.

"मला लसूण कोन म्हनतंय?"

सगळी पोरं सतरंजीकडे बघायला लागली. नात तेवढी उठली. "आजोबा, आमी न्हाई म्हनत. आजीच म्हनतीया, कवापास्नं."

बाबांनी मावशींकडे बघितलं. मावशी सुपात बघत होत्या.

"बरं," बाबा माझ्याकडे वळले. "मी हिला अगं म्हनतो. त्याचं काय हुतंय तुमच्या भाषेत?"

मी घाबरत म्हणाले, "अगदी तसाच शब्द नाही बाबा. पण आग्वा म्हणजे पाणी."

बाबांनी जरा विचार केला. "ही आन् पानी? न्हाई पटत. मिरचीला काय म्हंत्यात ते सांग."

"चिले."

"हां. ह्ये बराबर हाय." आणि ते खुर्ची ओढून बसले.

सुट्टी संपायच्या आधी आम्ही पोरांच्या आईवडिलांना बोलावून भाजीबाजाराचा खेळ केला. विक्रेते बाबा. त्यांनी माळ्यावरचा जुना तराजू काढून घासला, घरामागची वांगी-टोमॅटो आणि बाजारातून आणलेले कांदे, बटाटे, लसूण मांडले. नियम एकच: स्पॅनिशमध्ये मागेल त्यालाच माल. बाबा नियमाला इतके पक्के की 'कांदा' म्हणणाऱ्या एका आईला त्यांनी सरळ परत पाठवलं.

बटाट्याला मेक्सिकोत पापा म्हणतात. सोसायटीतला एक मुलगा पुढे येऊन ओरडला, "पापा! दोन किलो पापा!" तसे मागे उभे असलेले त्याचे वडील फोन खिशात टाकत पुढे आले. "काय रे बाळा?" बाबांनी त्यांना खालपासून वर न्याहाळलं. "ह्ये दोन किलोत बसायचं न्हाईत," ते म्हणाले.

शेवटी पोरांनी मावशींना पुढे ढकललं. नवऱ्यासमोर उभं राहून एवढ्या लोकांत बोलायचं म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "आहो!"

"काय गं?" बाबा म्हणाले.

"तुमी न्हवं! लसूण मागतीया मी!"

लोक हसता हसता सतरंजीवर बसले. बाबाही हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. त्यांनी लसणाचा एक गड्डा न तोलता मावशींच्या हातावर ठेवला.

जूनमध्ये माझी कामाची वेळ बदलली आणि वर्ग थांबला. जुलैत मावशी मला घेऊन नातीच्या शाळेत गेल्या, कारण तिच्या आईवडिलांना वेळ नव्हता आणि बाईंनी स्पॅनिश शिकवणाऱ्या ताईलाही बोलावलं होतं. इंग्रजीच्या पेपरात दहा प्राण्यांची नावं विचारली होती, ती पोरीने सगळी स्पॅनिशमध्ये लिहिली होती आणि तिला शून्य मिळालं होतं. मी कंपनीतली सगळ्यात नम्र माफी आठवत होते, तेवढ्यात मावशींनी उत्तरपत्रिका बाईंच्या पुढे सरकवली.

"बाई, तुमी नीट तपासून बघा. धाच्या धा बराबर हायेत."