पहिला गेम गिऱ्हाईकाचा

तिसरी घंटा झाली असं समजा आणि पडदा वर जाऊ द्या.

रंगमंचावर अंधेरी पश्चिमेच्या एका जुन्या जिमखान्याचं लाल मातीचं टेनिस कोर्ट. रविवारची सकाळ. मागे नेपथ्यकाराने उंच उंच टॉवर उभे केलेत, त्यांच्यामध्ये आभाळाची एक चिंधी ठेवली आहे आणि त्या चिंधीतून थोड्या थोड्या वेळाने एक विमान खाली उतरतं. कोर्टाच्या कडेला, अगदी जाळ्याच्या रेषेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर सोनूबाई बसल्या आहेत. अंजिरी लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, मांडीवर पिशवी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली ही बाई आयुष्यभर बाजारात मासळी विकत आली. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

आणि कोर्टावर, पांढरी टोपी उलटी घालून बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधणारी, ती त्यांची मुलगी निशा. एके काळची व्यावसायिक टेनिसपटू. आज पंचेचाळिशीच्या वरच्या बायकांची फायनल आहे आणि निशाला तरुणपणी कधी नव्हती एवढी धाकधूक आज आहे. कारण साधं आहे. आईने तिची मॅच आजवर एकदाही पाहिलेली नाही.

पाहणार तरी कशी? मॅचची वेळ आणि बाजाराची वेळ एकच. "तू जा गो बाय, मासळी थांबत नाय," एवढंच सोनूबाईंचं उत्तर. गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप केला आणि त्यांचं बाजारात बसणं सुटलं. तेव्हा निशाने हळूच विषय काढला.

"आये, रविवारी येशील बघायला?"

"जिंकशील काय?"

"बघू."

"बघू काय? मी रिक्षात गुडघे मोडून येतंय आणि तू बघू बोलतंस?"

तेव्हापासून निशाच्या डोक्यात एकच गोष्ट. एकदा, फक्त एकदा, आईच्या डोळ्यांदेखत जिंकायचं.

आता जरा मागचा प्रवेश पाहू. कोळीवाड्यात बांबूच्या वलांडींवर बोंबील सुकत घातलेले असतात आणि कावळे त्यांच्यावर जिवापाड प्रेम करतात. लहानग्या निशाचं काम कावळे हाकलायचं. पोरगी एक फळकुट घेऊन खडे टोलवायची. कावळ्याला खडा कधी लागला नाही, पण तो ज्या बांबूवर बसला असेल त्या बांबूवर टण्णकन आवाज व्हायचा आणि कावळा उडायचा. जिमखान्याचे कोच अंबादास सर दर रविवारी वाकोल्याहून सोनूबाईंकडे मासळी घ्यायला येत. त्यांनी हा खेळ पाहिला आणि ताजी मासळी पिशवीत तशीच ठेवून तासभर उन्हात उभे राहिले. घरी गेल्यावर बायकोने मासळीचा वास घेतला आणि त्यांना जे सुनावलं ते वेगळंच. पण दुसऱ्या रविवारी सर जुनी रॅकेट घेऊन हजर.

पुढे निशा देशभर खेळली, परदेशात खेळली. ताश्कंद, बँकॉक, कैरो. छोट्या छोट्या स्पर्धा, जिथे प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या जास्त. रॅकेटच्या बॅगेत सुक्या बोंबलांचं पुडकं कायम. ताश्कंदच्या हॉटेलात तिने कपड्यांच्या इस्त्रीवर बोंबील भाजले आणि सगळा मजला रिकामा झाला. मॅनेजर वर आला, रागावला, मग एक तुकडा चाखून बघितला, आणि जाताना दोन बोंबील कागदात गुंडाळून घेऊन गेला.

खेळ झकास होता तिचा. ताकद होती, पाय होते, नजर होती. एकच खोड होती. प्रत्येक सेटचा पहिला गेम ती समोरचीला देऊन टाकायची. हरायची नव्हे, द्यायची! आणि तेही अशा सफाईने की पंचाला संशय येऊ नये. सर्व्हिस आदबीने जाळ्यात, फटका रेषेच्या बोटभर बाहेर, मग कपाळावर हात, चुकचुकणं. काय तो अभिनय! नाटकात असती तर टाळ्या घेतल्या असत्या.

अंबादास सर डोकं धरायचे. "अगं पण का?"

"भवानी, सर."

मासळीबाजारात सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, नाहीतर दिवस वाया जातो. निशा लहानपणी आयुष्यातली पहिली मॅच खेळली तेव्हा घाबरून पहिला गेम हरली आणि मग मॅच जिंकली. घरी येऊन सांगितलं, तेव्हा सोनूबाई कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या, "झाली भवानी, मग धंदा चाललाच." झालं. पोरीने ते मनात कोरून ठेवलं. नवा सेट, नवी टोपली, नवी भवानी.

"समोरची तुझी गिऱ्हाईक नाही गं!" सर कळवळून म्हणायचे.

"ती खूश झाली की पुढे आपलंच राज्य, सर."

राज्य यायचं, पण नेहमी नाही. पार्ल्याच्या गार्गीबरोबरची राष्ट्रीय स्पर्धेची फायनल तिसऱ्या सेटला अगदी थोडक्यात हातची गेली. पहिला गेम दिला नसता तर? हा प्रश्न सरांनी विचारला नाही, पण पुढे कितीतरी दिवस ते कोळीवाड्याकडे फिरकले नाहीत. मग खांदा दुखावला, निशा निवृत्त झाली आणि याच जिमखान्यात मुलांना शिकवू लागली. सर तेवढे आता राहिले नाहीत.

आणि आज फायनलला समोर कोण? तीच गार्गी. आता चष्मा लागलेली, गुडघ्याला पट्टा, जिवाभावाची मैत्रीण.

"काय यार निशा, आज आईला आणलंस? माझी वाट लावायला?"

"तू सर्व्हिस कर गं गुपचूप."

पहिला गेम सुरू झाला. गार्गीची सर्व्हिस, आणि निशाचा तो खानदानी अभिनय. एक चेंडू जाळ्यात, एक बाहेर, एक लांबच्या लांब, कडेला ठेवलेल्या थर्मासवर. गेम गार्गीला. नियमाप्रमाणे बाजू बदलायला निशा आईच्या खुर्चीजवळून निघाली आणि लुगड्याचा पदर खोचत सोनूबाई म्हणाल्या, "थांब."

"आये, थांबता येत नाही इथे."

"मना टेनिस कळत नाय. पण तोंड कळतं. गिऱ्हाईक खिशात पैसे असून नाय बोलतं ना, तसं तोंड केलंस तू आता. मुद्दाम देतंस?"

"भवानी, आये. तूच म्हणाली होतीस."

सोनूबाईंच्या आवाजाने एक कबुतर उडालं. "भवानी फुकट देतात काय गो? कवा बघितलंस मना फुकट देताना? गिऱ्हाईक परत पाठवायचं नाय, पण दाम घेतल्याबिगर पापलेटचं शेपूट पण द्यायचं नाय! दोन बोलायचं, चार ऐकायचं, घाम काढायचा त्याचा. मग भवानी!"

"मॅडम, खेळाडूशी बोलू नका," उंच खुर्चीवरून पंच म्हणाला.

"माझी पोर हाय ती. तू उतर खाली, मग बोलू."

निशा पलीकडे गेली, पण तिचं लक्ष कोर्टावर राहिलंच नाही. ताश्कंद, बँकॉक, कैरो... सगळीकडे तिने फुकट वाटलं होतं. आईने तिच्यासमोर हजारदा भवानी केली, आणि तिने त्यातलं फक्त 'दिलं' तेवढं पाहिलं, 'घेतलं' ते पाहिलंच नाही. हसावं की रडावं कळेना. या विचारात पहिला सेट सहा-चारने गेला.

सोनूबाईंनी पिशवीतून सुपारी काढली आणि तोंडात टाकली.

दुसरा सेट. पुन्हा गार्गीची सर्व्हिस. पहिला गेम आपलाच, या वर्षानुवर्षांच्या भरवशावर तिने चेंडू जरा आरामातच टाकला. तो परत आला तेव्हा गार्गीची रॅकेट अजून खाली होती. दुसरा आला तो रेषेवर. तिसऱ्याला गार्गी धावली आणि पट्टा सावरत थांबली.

"ए! हा गेम माझा असतो ना!"

"आजपासून दाम पडेल गं."

गार्गी इतकी हसली की तिची पुढची सर्व्हिस जाळ्यात गेली. निशाने तो गेम घेतला, मग सेट घेतला. मग दोघींच्याही गुडघ्यांचा मान राखून तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. तो मात्र खेळ होता! हसणं थांबलं. दोघी मातीत लाल झाल्या. पलीकडच्या कोर्टावरची मुलं खेळ सोडून कुंपणाच्या जाळीला चिकटली. सोनूबाई खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. सुपारी गालातच राहिली होती. नऊ-आठ, निशा पुढे. गार्गीची पहिली सर्व्हिस चुकली. दुसरी जाळ्याला लागली, वरच्या पट्टीवर क्षणभर विचार करत थांबली आणि गार्गीच्याच बाजूला पडली.

संपलं. निशा जिंकली. गार्गीने जाळ्यावरूनच तिला मिठी मारली आणि कानात तिला एक सणसणीत पार्लेकरी शिवी दिली.

निशा धापा टाकत आईसमोर येऊन उभी राहिली. सोनूबाईंनी पदराने तिच्या गालावरची माती पुसली, ती आणखीच पसरली.

"शेवटचा तर तिनंच चुकवला," त्या म्हणाल्या. "पण आधी घाम काढलास तिचा. बघितलं मी." मग त्यांनी तिचा हात धरला. "दमलीस काय गो?"

निशाने गार्गीकडे पाहिलं, रिकाम्या कोर्टाकडे पाहिलं, आणि आईचा हात न सोडता म्हणाली, "तू अजून थोडा वेळ बसणार असशील ना आये, तर मी अजून एक मॅच खेळते."