ॲक्सिलेटरवरचा वरवंटा

माझी जुनी गाडी आठवडाभर मिसिंग करत होती. सिग्नलला थांबली की उचकी लागल्यासारखे हिसके द्यायची. आमच्या भागात नव्यानेच गॅरेज टाकलेल्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "गाडी न्यूट्रलला ठेवा आणि कोणाला तरी रेस द्यायला बसवा. तुम्ही बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरा. आवाजावरून सांगतो काका."

कोणाला तरी! किती सहज म्हणाला. जगातली कितीतरी कामं दोन माणसं गृहीत धरूनच बेतलेली असतात. डबल चादरीची घडी, पाठीला लावायचं मलम, आणि आता हे. बिघाड शोधायचा म्हटला तरी एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. आपणच ऐकायला गेलो की चालवायला कोणी उरत नाही.

शेजारच्या दाराला कुलूप होतं. शेवटी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. एकट्यासाठी चटणी कोण वाटतो? हिच्या माघारी तो कोरडाच पडून होता. तो ॲक्सिलेटरवर टेकवला तसं इंजिन घुमायला लागलं, आणि मधूनच एक ठोका चुकत राहिला. बॉनेटखालच्या फटीतून ड्रायव्हरची रिकामी सीट दिसत होती.

"एक प्लग मारत नाहीये," फोनवरून तो म्हणाला. "उद्या आणा, बदलून टाकू. आता काकूंना सांगा, पाय काढा म्हणावं."

मी त्या सीटकडे बघत मोठ्यानं म्हणालो, "काढ गं पाय."

आणि वरवंटा उचलायला गेलो.