भंडाऱ्याचं ताट

ऐन वैशाखात स्वरूपानं ऑफिसातला एसी बंद केला आणि कुणी विचारलंच तर सांगायला लागली, "मला गार हवा सोसत नाही हो." बारामतीत भिगवण रोडला, औषधांच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. दाराला पितळी पाटी, त्यावर तिचं नाव. दर दसऱ्याला सासूबाई, कौसल्याबाई, गुडघे धरत तो जिना चढायच्या, पाटीला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायच्या आणि खालच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आमच्या सुनंचं नाव पितळंत हाय!"

डाळजच्या शेतकऱ्याची ही मुलगी. गावातली पहिली आर्किटेक्ट. शिकून आली तेव्हा लोक विचारायचे, "म्हंजे गवंड्याच्या वर का इंजिनियरच्या खाली?" ती हसून उत्तर द्यायची. पुढं पुढं लोक विचारायचे थांबले आणि घरं बांधायला तिच्याकडंच यायला लागले. उन्हाची तिरीप कुठून येते, घरातल्या म्हातारीला रात्री उठून किती चालावं लागतं, हे ती कागदावर रेघ ओढण्याआधी विचारायची. देवघर कुठं हवं हेही ती घरातल्या बाईलाच विचारी. पुरुष मध्ये बोलले तर म्हणे, "दिवा तुम्ही लावता का?"

मग मंदी आली. ती काही दवंडी पिटून येत नाही. एमआयडीसीत कामाच्या पाळ्या कमी झाल्या, उसाची बिलं लांबली, बँका घरकर्जाला नाकं मुरडायला लागल्या. जोत्यापर्यंत आलेली घरं जोत्यावरच थांबली. लोकांनी त्यावर ज्वारी वाळत घातली. ज्यांना बांधायचंच होतं ते सिमेंट-सळईच्या दुकानात जायचे; माल घेतला की नकाशा फुकट. कुणी तर मोबाईलवरच घर काढून आणायचा आणि म्हणायचा, "ताई, हे बघा, तुमी नुसती सही करा."

बारामती आणि इंदापूरच्या आर्किटेक्ट लोकांचं एक छोटंसं मंडळ होतं. चांगल्या दिवसांत फरशीच्या कंपन्या त्यांना हॉटेलात जेवू घालायच्या, निघताना हातात पिशव्या द्यायच्या. आता कंपनीचा माणूस फोन उचलत नव्हता. एकानं फरशीचीच एजन्सी घेतली. एकजण लोकांच्या घरी जाऊन दिशा सांगायला लागला, संडास पाडा, जिना फिरवा, आणि त्याचं बरं चाललं होतं. उरलेले एकमेकांचं गिऱ्हाईक ओढत होते.

तेव्हा मंडळातले वडीलधारे जोतीराम सर यांनी सगळ्यांना आपल्या ऑफिसात चहाला बोलावलं.

"बाहेरच्यांनी आपल्याला मारायची गरजच नाही," सर म्हणाले. "आपणच आपल्या ताटातलं ओढतोय. आजपासून एक करा. दुसऱ्याच्या हातातलं काम, त्याला फोन केल्याशिवाय आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय कुणी घ्यायचं नाही."

"ठराव कागदावरच राहतो, सर," अविराज म्हणाला. हा मंडळातला तरुण, पांढऱ्या गाडीतून फिरणारा, बोलण्यात लोण्यासारखा. "आपल्याकडं निवडणुकीत पॅनेल फुटू नये म्हणून काय करतात? बेलभंडारा. खंडोबाचा भंडारा हातात घेतला की माणूस फिरत नाही. उचला, विषय संपला."

"अरे, आपण आर्किटेक्ट का सरपंचपदाचे उमेदवार?" सरांनी विचारलं.

"सरपंचाला निदान मानधन तरी मिळतं!"

हशा पिकला. पण अविराज पुढच्या बैठकीला खरोखरच जेजुरीचा भंडारा घेऊन आला. स्टीलच्या ताटात बेलाची पानं, त्यावर पिवळाधमक भंडारा. हसणाऱ्यांनी चपला-बूट काढून ठेवले. शिकलीसवरलेली, पण लहानपणी तळीचं खोबरं खाल्लेली ती माणसं.

एकटा संघपाल मागं सरला. तो इंदापूरचा, बौद्ध घरातला, कमी बोलणारा. "आमच्यात हा रिवाज नाही," तो म्हणाला. "मी शब्द देतो. तेवढा पुरे धरा."

"बरी पळवाट आहे," मागून कुणीतरी पुटपुटलं. खरं सांगायचं तर स्वरूपालाही क्षणभर तसंच वाटलं.

अविराज ताट घेऊन एकेकापुढं वाकत गेला. स्वरूपानं पदर डोक्यावरून घेतला, बेल आणि भंडारा मुठीत घेतला आणि डोळे मिटून शपथ बोलली. घरी येऊन तिनं तो पिवळा तळवा आधी देवघराच्या उंबऱ्याला टेकवला, मगच धुतला.

पुढच्याच महिन्यात डाळजचे साहेबरावतात्या जिना चढून आले. तिच्या माहेरचाच माणूस.

"स्वरूपा, त्या अविराजनं नकाशा अर्धा ठिवलाय. फोन उचलत न्हाय. पोराचं लगीन तोंडावर हाय, तूच घे हातात."

तिला ते काम हवं होतं. किती हवं होतं हे तिचं तिलाच माहीत. तरी तिनं तात्यांच्या समोर अविराजला फोन लावला.

"तात्या माझेच आहेत, ताई. जरा रुसलेत," तो गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही नका हात घालू. भंडारा उचललाय ना आपण."

तिनं फोन ठेवला आणि तात्यांना नाही म्हणून सांगितलं.

तात्या उठले. "एका डाक्टरचा गुण आला न्हाय तर दुसऱ्याकडं जायाला पयल्याची चिठ्ठी लागती व्हय गं? असू दे. माहेरच्या माणसाला बी तू दारातनं परत लावलं."

तो बोल तिला लागला. पण देवापुढं बोललेला शब्द पाळला, याचं समाधान त्याहून मोठं होतं. शिवाय तिच्या हातात अंथुर्ण्याचं मंगल कार्यालय होतं. त्याच्यावर तिची सगळी भिस्त. ते उभं राहिलं तर ऑफिस राहील, गेलं तर पाटी उतरवायची, हे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं ठरलं होतं. मानसिंगची दूध संघात नोकरी. त्यात घर चाले, ऑफिसचं भाडं नव्हे. त्या हॉलवर तिनं जीव ओतला होता. आचाऱ्यांचा धूर पंगतीत येऊ नये म्हणून भटारखाना वाऱ्याच्या खालच्या अंगाला घेतला. नवरीच्या खोलीला उंच खिडकी ठेवली, मांडव दिसावा पण मांडवातून नवरी दिसू नये अशी.

एक दिवस संघपालचा फोन आला. "ताई, अंथुर्ण्याची मंडळी माझ्याकडं आली होती. म्हणत होती, तुम्ही करा, कमी घ्या. मी परत पाठवलं. तुम्ही जरा बोलून घ्या त्यांच्याशी."

तिनं फोन केले. "बैठक व्हायची हाय," हेच उत्तर मिळत गेलं. आणि मग एका दुपारी अंथुर्ण्याच्या नात्यातल्या लग्नाहून परत आलेल्या कौसल्याबाई, चप्पल काढता काढता हरखून म्हणाल्या, "अगं, तुझ्या हॉलचा नारळ फुटला म्हणं परवा! मला सांगितलं न्हाईस ते?"

स्वरूपा स्कूटी काढून तशीच अंथुर्ण्याला गेली. माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या. त्या तिच्याच होत्या. भटारखाना वाऱ्याच्या खाली, नवरीची खोली कोपऱ्यात. फक्त बोर्डावरचं नाव अविराजचं. तो तिथंच होता, कपाळाला गुलाल.

"अविराज, तू भंडारा उचलला होतास."

"मी?" त्यानं डोळे मोठे केले. "आठवून बघा की, ताई. मी ताट फिरवत होतो. दोन्ही हातांत ताट. मी कुठनं उचलणार?"

आणि तो असा हसला, जणू तिनंही हसावं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत तिनं विषय काढला.  मग एकेकाचं बाहेर आलं. यानं त्याचं काम घेतलं होतं, त्यानं याचं. जोतीराम सरांनीसुद्धा जुन्या शिष्याचा एक बंगला ओढला होता.

"पोटाला देव समजून घेतो," एकजण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "तुम्हाला काय हो, ताई, साहेबांचा पगार आहे घरात. आमचं तसं नाही."

एवढ्या माणसांत शब्द पाळणारे दोघंच निघाले. एक ती, आणि दुसरा तो, ज्यानं भंडाऱ्याला हात लावला नव्हता. त्याची खुर्ची त्या दिवशी रिकामी होती. तो पुण्याला नोकरी बघायला गेला होता.

"झालं गेलं सोडा," जोतीराम सर घसा खाकरून म्हणाले. "पुन्हा नव्यानं घेऊ."

अविराजनं गाडीतून पुडी आणली. त्याच्याकडं ती असायचीच बहुतेक. ताट भरलं आणि स्वरूपापुढं धरलं. "या वेळी तुम्ही फिरवा, ताई. तुमचा हात सोवळा आहे."

तिनं ताट घेतलं. नाही म्हणावं, ताट तिथंच खाली ठेवावं, असं मनात आलं. पण हात पुढं झाले होते. ती एकेकापुढं गेली. लोक भंडारा उचलत होते, डोळे मिटत होते, बोलत होते. कुणी रिकाम्या शब्दाला घाबरत नव्हतं. शेवटी अविराज. त्यानं दोन बोटांनी चिमूट उचलली, तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग तिच्या दोन्ही हातांकडं, आणि ओळखीचं हसला. कुणीही म्हटलं नाही, ताई, तुमचं राहिलं. तीही बोलली नाही. ताट टेबलावर ठेवून तिनं चहा घेतला.

दुसऱ्याच आठवड्यात काटेवाडीची शालनबाई आली. दुधाचा धंदा, गोठ्याच्या वर घर बांधायचं. नकाशा संघपालचा, नीटनेटका, पेन्सिलीच्या बारीक रेघांचा. त्याच्याकडं उरलेलं ते एकच काम आहे, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं.

"ते साहेब पुण्याला जात्यात म्हणं," शालनबाई म्हणाली. "आमाला हितला माणूस पायजे. त्यांचाच नकाशा ठिवायचा का तुमचा नवा, तुमीच सांगा."

फोन टेबलावरच होता. स्वरूपानं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्यावर शालनबाईचा नकाशा पसरला आणि म्हणाली, "देते करून."

संघपालचा फोन चार दिवसांनी आला. आवाज चढलेला नव्हता.

"ताई, शालनबाईंचं कळलं. एक फोन करायचा होता तुम्ही."

"संघपाल, आता कुणीच पाळत नाही रे. सगळ्यांनी मोडलं. परवा नव्यानं घेतला भंडारा, तेव्हा मी ताट फिरवत होते. मी उचललाच नाही."

 मग तो म्हणाला, "पहिल्या वेळी उचलला होता. मी समोर बसलो होतो, ताई. तुम्ही डोळे मिटले होते, म्हणून तुम्हाला मी दिसलो नसेन."

त्यानं फोन ठेवला. तो पुण्याला गेला, कुठल्या तरी मोठ्या ऑफिसात दुसऱ्यांच्या रेघा ओढायला. शालनबाईच्या कामावर स्वरूपाची पाटी राहिली. गोठ्यावरचं घर उभं राहिलं, लोक चांगलं म्हणाले. अंथुर्ण्याच्या हॉलच्या नवरीच्या खिडकीचंही लोक कौतुक करतात, अविराजचं नाव घेऊन.

एका रविवारी घरात नेहमीप्रमाणं तळी भरली. ताम्हणात विड्याची पानं, खोबऱ्याची वाटी, भंडारा. मानसिंग, यशराज आणि छकुली ही दोन्ही मुलं आणि कौसल्याबाई भोवती बसले. पाच हात लागतात. पाचवा तिचाच, लग्न होऊन आली तेव्हापासूनचा.

"ये गं," सासूबाई म्हणाल्या. "देवाच्या कृपेनं तुझं नाव पितळंत राहिलं. लाव हात."

"हात ओले आहेत, आई."

"पदराला पूस की."

तिनं पुसले. येऊन बसली आणि ताम्हणाखाली हात नेला.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" छकुलीनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. तळी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. स्वरूपाचा तळवा तिच्याबरोबर वरखाली होत होता, ताम्हणापासून बोटभर खाली.

चार हातांवर तळी उचलली गेली. घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. कौसल्याबाईंनी तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि खोबऱ्याचा सगळ्यांत मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला.