झांज गेली कुठे

शर्टांच्या त्या कारखान्यात शिलाईची एकशे चाळीस मशीनं होती आणि त्यांची दुखणी काढणारा मेकॅनिक एकच. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं. लोकांच्या तोंडात मात्र तो कानसेन. शिवणाऱ्या बायका समोर ‘काका’ म्हणत आणि त्याची पाठ वळली की ‘कानसेन’, पण त्यात टिंगल कमी आणि मान जास्त होता. हात मागे बांधून तो दोन रांगांमधून चालायचा, एखाद्या मशीनपाशी थबकायचा आणि म्हणायचा, “याची सुई आज टिकत नाही.” जेवणाच्या सुट्टीच्या आत सुई तुटायची. झाकण उघडायच्या आधी तो रोग सांगायचा. देव प्रत्येकाच्या पदरात काहीतरी टाकतोच, त्याच्या पदरात कान टाकले होते. हे त्याला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

या कानांचं दुसरं काम म्हणजे बँड. चौघांचा बँड: एक गाणारा, दोन गिटारवाले आणि एक ड्रमर. जग गाणाऱ्यावर जीव टाकायचं, कानसेनचा जीव ड्रमरवर. बाकीचे ड्रमर ड्रमशेजारची पितळी झांज बडवतात; हा माणूस नुसता स्पर्श करायचा, ताटलीत मोहरी सांडावी तसा. कॉलेजात असताना वर्गातल्या मित्राने बँडची पहिली कॅसेट त्याला ऐकायला दिली. कॅसेट परत द्यायला म्हणून तो मित्राच्या घरी इतक्या वेळा गेला, की शेवटी कॅसेट तिथेच राहिली आणि मित्राची बहीण याच्या घरी आली. तेव्हापासून मित्राचा मेहुणा झाला. एरवी दोघांत ‘अरे-तुरे’ चालायचं. भांडण झालं की मेहुणा ‘भावोजी’ आणि ‘तुम्ही’ वर यायचा. त्याचं स्टेशनरीचं दुकान होतं, आणि भांडायला त्याला दिवसभर वेळ असायचा.

फोनवर त्यांचा चौघांचा ग्रुप होता, ‘पहिली रांग’. कानसेन, मेहुणा, एका शाळेतल्या ग्रंथपाल बाई आणि एक टॅक्सीवाला. पंचवीस वर्षांपूर्वी एका मैदानावर बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा हे मेहुणे-भावोजी आणि ते दोघं एकमेकांना न ओळखता पहिल्या रांगेत, कठड्याला पोट लावून, थेट स्पीकरच्या तोंडी उभे होते. नंतर दोन दिवस त्यांच्या कानांत घंटा वाजत होत्या आणि त्याचा चौघांनाही अभिमान होता. ग्रुपचा नियम एकच: नवा अल्बम आला की पहिलं मत कानसेनचं. तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही.

यावेळी अल्बम नऊ वर्षांनी आला. शुक्रवारी.

त्या दिवशी कानसेनने डबा तसाच ठेवला, धाग्यांच्या रिळांच्या खोलीत जाऊन बसला, इयरफोन लावले आणि दहाची दहा गाणी ऐकली. बाहेर आला तो कपाळाला आठ्या घालूनच. ग्रुपवर लिहिलं, “ऐकला. गाणी बरी आहेत. पण झांज कुठे आहे? दहा गाण्यांत एकदाही नाही. नुसती ढबढब. ड्रमर तरी थकलाय, नाहीतर त्याला हाकलून दुसराच कुणीतरी आणून बसवलाय. नऊ वर्षं यासाठी थांबलो का आपण?”

मग ग्रंथपाल बाईंनी लिहिलं, “मला वाटलं होतं ऐकू येतेय. पुन्हा ऐकते.” टॅक्सीवाल्याने लिहिलं, “पाचव्या गाण्यात मी इतका रमलो की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मागच्याने माझ्या आईची चौकशी केली. झांजेकडे लक्ष नव्हतं, बघतो.” आणि मग मेहुणा उगवला. “भावोजी, तिसरं गाणं झांजेनेच सुरू होतं. तुम्ही नक्की आपल्याच बँडचा अल्बम ऐकलात ना?”

‘तुम्ही’ वाचलं आणि कानसेनचं डोकं सटकलं.

नेमकी तेव्हाच कॉलर लावणारी बाई समोर आली. “काका, माझं मशीन शीळ घालतंय. आज चौथा दिवस.”

तो तिच्या मशीनपाशी गेला. तिने पायाने दाबून मशीन पळवलं. त्याने मान वाकडी करून ऐकलं. मोटरची घरघर, पट्ट्याची फडफड, सगळं जागच्या जागी.

“काही नाही. छान चाललंय.”

“अहो, आत्ता वाजली की.”

“तुझ्या डोक्यात वाजते ती.”

“बाजूचीलापण ऐकू येते.”

“मग दोघी मिळून गाणं बसवा,” असं म्हणून तो वळला. अख्खी रांग हसली. कॉलरवाली हसली नाही. तिने कापसाचे दोन बोळे काढले आणि मुकाट कानांत घातले.

शनिवार फोनवर गेला. मेहुण्याने तिसरं गाणं दुकानात लावून फोन स्पीकरसमोर धरला. कानसेन म्हणाला, ही काय ऐकवायची रीत झाली, लग्नाच्या हॉलमधून बोलल्यासारखं येतंय. मेहुणा म्हणाला, “भावोजी, हट्ट सोडा.” कानसेन म्हणाला, “माझे कान आहेत हे. एकशे चाळीस मशीनं त्यांच्यावर चालतात.” शेवटी ठरलं, रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांनी कानसेनच्या घरी जमायचं. मोठ्या स्पीकरवर, समोरासमोर, काय तो निकाल.

रविवारी तो पावणेसहाला उठला. त्याच्या मनगटी घड्याळाला त्या वेळेचा गजर होता, पण दोन वर्षांत त्याला गजराची गरज पडली नव्हती. घड्याळाच्या आधी जाग येते, असं तो कौतुकाने सांगायचा. त्याने कॅसेटचा जुना डेक खाली उतरवला, स्पीकरवरची बायकोने शिवलेली कापडी झाकणं काढली, कापूस ओला करून डेकचं आतलं हेड पुसलं. डोक्यात सगळा बेत तयार होता. आधी दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं लावायचं. त्याची सुरुवात म्हणजे सोळा ठोके फक्त झांज, दुसरं काही नाही, आणि सतराव्याला ड्रम. झांज कशाला म्हणतात ते आधी या लोकांना ऐकवायचं, मग नवा अल्बम लावायचा, मग मेहुण्याच्या तोंडाकडे बघायचं.

तिघं आले. पंख्याखालची खुर्ची ग्रंथपाल बाईंना दिली. टॅक्सीवाला खाली सतरंजीवर बसला. मेहुणा बहिणीला म्हणाला, “तू पण ये गं, साक्षीला.” ती हात पुसत दारात उभी राहिली. बँडशी तिचा संबंध धूळ झटकण्यापुरता.

कानसेनने बटण दाबलं. चकत्या फिरू लागल्या.

“बघा,” तो म्हणाला, “तीस वर्षांची टेप. एवढीशी खरखर नाही.”

ग्रंथपाल बाईंनी टॅक्सीवाल्याकडे पाहिलं. टॅक्सीवाल्याने सतरंजीचा दोरा ओढला.

कानसेन थांबला. गाणं सुरू होईना. टेपचा सुरुवातीचा कोरा तुकडा असेल, त्याने मनात म्हटलं. चकत्या फिरत होत्या आणि खोलीत आवाजाचा पत्ता नव्हता.

मग त्याचं लक्ष मेहुण्याच्या बोटाकडे गेलं. ते गुडघ्यावर पडत होतं. टॅक्सीवाल्याची मान हलत होती, त्याच तालात. ग्रंथपाल बाई डोळे मिटून डोलत होत्या. आणि दारात त्याची बायको, तिच्या पायाचा अंगठा फरशीवर उचलत होता, पडत होता. चौघंही एकाच ठेक्यात, आणि ठेका कुठेच नाही. मेहुण्याचे ओठ ठोके मोजत होते, त्याने ते वाचायला सुरुवात केली. नऊ. दहा. अकरा. सोळाला बोट पडलं आणि सतराव्याला ड्रम धाडकन वाजला.

त्याने टेप बंद केली.

“टेप गेली.”

“कुठे गेली?” मेहुणा म्हणाला. “चांगली चालली होती की, भावोजी. आता म्हणा झांज नव्हती.”

“डेक गेला असेल. माझे कान ठणठणीत आहेत. रोज घड्याळाच्या आधी उठतो मी. विचार तुझ्या बहिणीला.”

तो बायकोकडे वळला. “सांग की.”

“आधी नाही उठत तुम्ही,” ती म्हणाली. “ते वाजतं. मी तुमच्या अंगावरून हात नेऊन बंद करते. त्या हाताने तुम्हाला जाग येते.”

“काहीतरीच.”

तिने पुढे येऊन त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाची दोन बटणं एकदम दाबली. काचेवर आकडे लुकलुकायला लागले. तो आकड्यांकडे बघत राहिला.

“वाजतंय?” त्याने विचारलं.

मेहुणा खाली बघत होता. ग्रंथपाल बाईंनी हळूच मान डोलावली.

“आणि हे तू मला दोन वर्षं सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सेल उतरलाय. जाऊन नवा सेल टाकून आणलात.”

नवा अल्बम कुणी लावायला सांगितला नाही. पाहुणे पाणी पिऊन उठले. चपला घालताना मेहुणा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “अरे, डॉक्टरला दाखवू. मी येतो तुझ्याबरोबर.” कानसेनने खांदा झटकला. दोन दिवस ‘तुम्ही तुम्ही’ करून डोकं खाणारा माणूस एकदम ‘तू’ वर आला होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. भांडायच्यासुद्धा लायकीचा राहिलो नाही का मी?

दुपारभर तो डेकसमोर बसून होता. राग नक्की कुणावर काढावा तेच कळेना. बायकोवर काढावा तर तिने सांगितलं होतं. ड्रमरवर काढावा तर तो बिचारा वाजवत होता. देवावर काढावा, तर दिलेली वस्तू त्याने परत मागितली म्हणून तक्रार कुठे करायची? नोकरीची अजून सहा वर्षं होती. मेकॅनिक कारखान्याला दुसरा मिळेल. पण ‘कानसेन’ म्हणून ज्याला ओळखतात तो माणूस कान गेल्यावर कोण उरतो? संध्याकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं, “मत मागे घेतो. झांज आहे म्हणता, तर असेल.” तिघांनीही हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कुणी मेल्यासारखं. त्याने फोन उताणा होता तो पालथा घातला.

सोमवारी तो कॉलरवालीच्या आधी तिच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

“चालव.”

तिने कानांत बोळे घालायला घेतले. “ते राहू दे,” तो म्हणाला. “शीळ वाजली की सांग.”

“ही काय, वाजतेय.”

त्याने मशीनच्या अंगावर बोटांची टोकं टेकवली. खरंच, आत कुठेतरी मुंग्यांसारखी बारीक थरथर होती. खालचं झाकण काढून त्याने एक स्क्रू पाव फेरा पिळला. “आता?”

“आहे.”

“आता?”

“थोडी कमी. काका, चेष्टा करताय का माझी?”

“चेष्टा शुक्रवारी केली. मला ती शीळ ऐकू येत नाही. तू ऐक, मी पिळतो.”

तिचा पाय थांबला. बाजूची वळून बघू लागली. “चालव म्हटलं ना,” तो खेकसला.

तेलाचे दोन थेंब, आणखी अर्धा फेरा. “गेली,” ती म्हणाली. ती खरं बोलतेय की दयेने, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि त्याचाच त्याला जास्त संताप आला. तो बाजूचीकडे वळला. “तू सांग.”

“गेली, काका.”

त्याने झाकण लावलं. जेवणाच्या सुट्टीत मात्र तो फोन आणि इयरफोन घेऊन परत आला आणि कॉलरवालीच्या डब्याशेजारी ठेवून म्हणाला, “हात पुसून जरा ऐक. सुरुवातीला बारीक झांज आहे म्हणतात. ती जशी वाजते तसं टेबलावर बोट मार.”

तिने तिसरं गाणं ऐकलं. बोट पडायला लागलं. तो बोटाकडे डोळे लावून बसला. मग त्याने तिला जुन्या अल्बमचं पहिलं गाणं लावून दिलं. सोळा ठोके झाल्यावर तिने एक इयरफोन काढला.

“दोन्हीकडे एकच माणूस आहे का, काका?”

“का?”

“ही जुनी हातशिलाई आहे. एक टाका जरा लांब, एक आखूड, पण चालते छान. नवी मशीनची शिवण आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाका एक केसभर इकडेतिकडे नाही.” तिने दुसरा इयरफोनही काढून ठेवला. “माणसाला एवढं सरळ येत नाही. मी वीस वर्षं शिवतेय.”

कानसेन उठून उभा राहिला, पुन्हा बसला. म्हणजे शुक्रवारी तो चुकलाही होता आणि चुकलाही नव्हता, आणि यातलं एकही त्याला स्वतःला तपासून बघता येणार नव्हतं. त्याने फोन ओढला आणि ग्रुपवर दणादण लिहिलं, “झांज आहे. पण ती माणसाची नाही, मशीनची आहे. ड्रमरला हाकललाय, म्हटलं होतं मी. हे मत माझं नाही, आमच्या कॉलरवाल्या बाईंचं आहे, आणि त्यांचे कान शाबूत आहेत.”

उत्तर यायला मिनिटही लागलं नाही. मेहुण्याचं दुकान दुपारी रिकामंच असायचं.

“भावोजी, आता तुम्ही कॉलरवाल्या बाईंना मध्ये आणणार? हद्द आहे तुमची.”

त्याने ते दोनदा वाचलं. कॉलरवालीने विचारलं, “काय म्हणतात?”

“भांडतोय,” कानसेन म्हणाला, आणि डबा उघडला.